गांजा खुला करायचा का? नागापूरच्या चौकात प्रश्न एक, पण उत्तरं तीन लागतील

नागापूर (अहिल्यानगर) : एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटली की मनमाड रोडवर चहाच्या गाड्यांभोवती गर्दी होते. कुणी राहुरीचा, कुणी पाथर्डीचा, कुणी बिहारचा. तिथं कांद्याच्या भावाइतकाच हल्ली दुसरा एक विषय निघतो. परदेशात गांजा दुकानात मिळतो, हिमाचल सरकार भांगेच्या शेतीला परवाना द्यायला निघालंय, मग आपल्याकडंच बंदी कशाला? लगेच दुसरी बाजू उभी राहते. आत्ताच पोरं हाताबाहेर चाललीत, खुलं केलं तर घरं उरतील का?

दोन्ही बाजूंचं म्हणणं कळकळीचं आहे. पण दोघंही तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरतात. पिकवणाऱ्याचं काय करायचं, विकणाऱ्याचं काय करायचं आणि ओढणाऱ्याचं काय करायचं, हे ते तीन प्रश्न. तिन्हींना एकच उत्तर द्यायला गेलं की चर्चा फिसकटते. म्हणून एकेक प्रश्न सुटा करून बघायला हवा.

मोहोळचा अर्ज

महाराष्ट्रात हा विषय शेताच्या बांधावर खऱ्या अर्थानं आला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात शिरापूर गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्यानं थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की मला दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या. कोणतंही पीक घ्या, भाव मिळत नाही, खर्चही निघत नाही, कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे वेळेवर येत नाहीत, गांजाला मात्र दर आहे, असं त्याचं म्हणणं. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून लागवड करतो, असंही त्यानं लिहून टाकलं. प्रशासनानं अर्ज पोलिसांकडे पाठवला. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा प्रकार ठरवला आणि विषय बातमीपुरता उरला.

प्रसिद्धीसाठी असेल किंवा नसेल, अर्जातला हिशोब नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ओळखीचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. त्या मधल्या महिन्यांत नेप्तीच्या उपबाजारात गोण्या घेऊन गेलेल्या माणसाला भाव पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तुरीच्या ओळीत, उसाच्या मधोमध, कपाशीच्या आड गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या राज्यभरातून अधूनमधून येतात. त्यामागं लोभ असतो, तसाच असा तुटलेला हिशोबही असतो.

कायदा नेमकं काय म्हणतो

गांजावरचा मुख्य कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस कायदा. गावात बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की थोडा माल सापडला तर सुटका होते आणि जास्त सापडला तर अडकतो. हे अर्धंच खरं आहे.

जवळ बाळगलेला गांजा एक किलोपर्यंत असेल तर कायदा त्याला अल्प प्रमाण म्हणतो. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोपासून पुढं व्यापारी प्रमाण. तिथं शिक्षा किमान दहा वर्षं आणि जास्तीत जास्त वीस. जामीनही सहजासहजी होत नाही. या दोन्हींच्या मधल्या मालाला दहा वर्षांपर्यंत.

शेतकऱ्याची फसगत होते ती लागवडीत. झाड लावण्याच्या गुन्ह्याला हा किलोचा हिशोब नाही. बांधावर चार झाडं लावली तरी ती लागवडच, आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आपल्या जमिनीत कुणी दुसऱ्यानं, वाटेकऱ्यानं समजा, झाडं लावली आणि मालकाला ते माहीत असून त्यानं कळवलं नाही, तर मालकही अडचणीत येतो. सरपंच, पंच आणि गावचे इतर अधिकारी यांच्यावरसुद्धा कायद्यानं ही जबाबदारी टाकली आहे, की अशी लागवड कळताच पोलिसांना सांगायचं. किती सरपंचांना हे कलम माहीत आहे, हा वेगळा विषय.

ओढणाऱ्यासाठी वेगळं कलम आहे. गांजा ओढताना पकडला गेला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण याच कायद्यात ६४ अ नावाचा एक दरवाजा आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट टाकून पळाला तर ही सवलत काढून घेता येते. म्हणजे ओढणाऱ्या पोराला तुरुंगाऐवजी दवाखान्यात पाठवायची सोय आजच्या कायद्यात आहे. ती घरच्यांना ठाऊक नसते, आणि पोरगं पकडलं गेल्यावर सांगणारंही कुणी भेटत नाही.

भांगेबाबत नेहमी वाद होतो. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळाचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात धरलेल्या नाहीत. म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. महाराष्ट्रात मात्र राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो, त्यामुळं इथं भांगही मोकळी नाही.

नगरनं परवान्याची शेती पाहिलेली आहे

गांजाचा परवाना हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात गांजा परवान्यानं पिकवला जायचा, सरकार त्यावर कर घ्यायचं, आणि ज्या जिल्ह्यांत ही लागवड व्हायची त्यात आपला अहमदनगर जिल्हाही होता. पुढं विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि १८९३ साली सरकारनं गांजा-भांगेच्या चौकशीसाठी मोठा आयोग नेमला. आयोगानं देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता, की माफक सेवनानं फारसं नुकसान नाही, अतिसेवनानं आहे, आणि सरसकट बंदी घालण्यापेक्षा परवाना आणि कर लावून ताबा ठेवावा.

पुढं १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केली. गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा झाला. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात मतदान झालं आणि गांजा सर्वात धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढला गेला. बाजूनं २७ मतं, विरोधात २५. भारताचं मत बाजूनं होतं. गांजावर नियंत्रण उठलं असा त्याचा अर्थ नव्हता. औषधी उपयोग आणि संशोधनाला वाट मोकळी झाली, इतकंच.

खुलं करा म्हणणारे या इतिहासाचा आधार घेतात, तो चुकीचा नाही. पण १८९४ च्या नगर जिल्ह्यात नागापूरची एमआयडीसी नव्हती, मोबाईल नव्हता, आणि पुडी खोलीवर पोचवणारं पोरगंही नव्हतं.

पहिला प्रश्न : शेतकऱ्याचा

मोहोळच्या अर्जात जो दर गृहीत धरलेला होता तो नीट बघा. गांजाला आज जो भाव आहे, तो झाडाचा भाव नव्हे. त्यात पकडलं जाण्याची भीती, वाहतुकीची जोखीम, दलालाचा हिस्सा आणि हप्ते सगळं मोजलेलं असतं. गांजाचं झाड काही केशर नाही. पाणी आणि ऊन मिळालं की माळरानावरही येतं. उद्या परवाना मिळाला तर एकट्या शिरापूरला मिळणार नाही. नेवासा लावणार, शेवगाव लावणार, बीड लावणार, विदर्भ लावणार. बंदी उठली की बंदीचा भावही उठला. मग नेप्तीला कांद्याचं जे होतं तेच गांजाचं.

याला बाहेरची उदाहरणं आहेत. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला. शेतकऱ्यांनी उत्साहानं लावला, माल उदंड झाला आणि भाव कोसळले. तीन वर्षांत सरकारनं पाय मागं घेतला आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये विक्री कायदेशीर केली. तिथंही सुरुवातीची मोठमोठी नावं तोट्यात गेली.

देशातलं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. मध्य प्रदेशातल्या मंदसौर, नीमच भागात आणि राजस्थानात अफूची शेती सरकारी परवान्यानं होते. केंद्राचं खातं शेत मोजतं, चीक मोजतं आणि सगळा माल स्वतःच घेतं. दर सरकारचा. ठरवलेल्या निकषाइतका माल भरला नाही तर पुढच्या वर्षी परवाना जातो. चोरट्या बाजारातला दर आणि सरकारी दर यात एवढी तफावत, की माल बाहेर फुटण्याची भीती कायम. परवाना म्हणजे सोन्याची खाण असं समजणाऱ्यानं एकदा त्या शेतकऱ्यांशी बोलावं.

उत्तराखंडनं २०१८ पासून आणि आता हिमाचलनं जो रस्ता धरलाय तो तर गांजाचा नाहीच. तो हेम्पचा, म्हणजे नशा नसलेल्या भांगेचा आहे. उत्तराखंडात नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत असलेली झाडंच चालतात. त्यापासून धागा, बियांचं तेल, औषधी अर्क निघतो. हिमाचल विधानसभेनं सप्टेंबर २०२४ मध्ये ठराव केला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. धाग्यासाठी आणि बियांसाठी अशी परवानगी द्यायची सोय १९८५ च्या कायद्यातच आहे. महाराष्ट्रानं कृषी विद्यापीठाकडून याचा अभ्यास करून घ्यायला हरकत नाही. राहुरीचं विद्यापीठ तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पण धागा कोण घेणार, गिरणी कुठं, हमी दर किती, हे ठरल्याशिवाय शेतकऱ्यानं पेरू नये. नाहीतर कोरफड आणि सफेद मुसळीच्या वेळी अनेकांचे हात पोळले, तशीच गत व्हायची.

दुसरा प्रश्न : विकणाऱ्याचा

कायदेशीर विक्री म्हणजे काय हे बघायला कॅनडाला जायची गरज नाही. दारू आपल्याकडं कायदेशीर आहे. राज्यभर परवानाधारक दुकानं आहेत, बाटलीवर कर आहे, देखरेखीला राज्य उत्पादन शुल्क खातं आहे. तरीही फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातल्या पांगरमलला विषारी दारूनं घरंच्या घरं उघडी पडली. तपासाचा धागा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनपर्यंत पोचला. त्याच्या दोन वर्षं आधी, जून २०१५ मध्ये, मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं अशाच दारूनं गेली. दोन्ही ठिकाणी कायदेशीर दारू काही मैलांवर मिळत होती.

मग लोक विष का प्यायले? कारण परवान्याची बाटली महाग आणि ती स्वस्त, किंवा फुकट. खुलं केलं की चोरटा धंदा आपोआप बंद पडतो, या समजुतीला पांगरमलनं उत्तर दिलेलं आहे. सरकार करावर कर चढवत जातं तसा चोरट्या मालाला वाव मिळत जातो. जून २०२५ मध्ये राज्यानं मद्यावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटींची भर पडेल असा अंदाज सांगितला गेला. एकदा एवढा पैसा यायला लागला की सरकारलाही त्याचं व्यसन लागतं. गांजाच्या दुकानाचं याहून वेगळं होईल असं मानायला आधार नाही.

पण बंदी घातली की सगळं सुतासारखं सरळ होतं असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. मे २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, लहान पोरं आणि बायका त्या धंद्यात ओढल्या गेल्या, ही कारणं दिली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी अजून आहे आणि तिथं गावागावात लोक ती राखायचं काम करतात. कायदा तोच, राज्यही तेच, पण एका जिल्ह्यात बंदी उठली आणि दुसऱ्यात टिकली. गाव मागं उभं आहे का, यावर बरंच काही ठरतं. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला दारू बंद झाली तीही गावानं मनावर घेतली म्हणून.

खुलं करा म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. परवान्याच्या दारू दुकानाला गाव बंद करू शकतं. गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. दुकान दिसतं, म्हणून त्याच्याशी भांडता येतं. गांजाच्या पुडीचं दुकान नाही, पाटी नाही, मालक नाही. आईनं कुणाविरुद्ध मत द्यायचं?

हा मुद्दा मान्य करूनही आजच्या घडीला गांजाची दुकानं उघडणं नगर जिल्ह्याला परवडणारं नाही. जे खातं परवान्याच्या दारूच्या सावलीत चालणारी हातभट्टी रोखू शकलेलं नाही, त्याच्याच गळ्यात आणखी एक दुकान बांधायचं, हे शहाणपणाचं होणार नाही.

गांजाच्या नावाखाली एमडीची वकिली नको

या चर्चेत आणखी एक गफलत होते. परदेशात जे खुलं झालं ते गांजापुरतं. आपल्याकडं पोरांना आज ज्याचा धोका जास्त आहे ते वेगळंच आहे. मेफेड्रोन, ज्याला एमडी म्हणतात, ते शेतात उगवत नाही, कारखान्यात शिजतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी भीमेपलीकडच्या दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एका कंपनीवर छापा घातला, तेव्हा शेकडो किलो एमडी हाती लागलं. हा पदार्थ एनडीपीएसच्या यादीत आला तोच २०१५ मध्ये. त्याचं अल्प प्रमाण दोन ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅम आहे. गांजाचं वीस किलो आणि याचं पन्नास ग्रॅम, यावरूनच कायद्यानं धोका कसा मापला ते कळतं. रसायनं, भट्ट्या आणि भाड्याचे शेड जिथं आहेत त्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीनं कुरकुंभचा धडा घ्यायला हवा. शेड भाड्यानं देताना आत काय चालणार आहे, हे मालकानं विचारलंच पाहिजे.

आणि ज्या वस्तू आधीच कायदेशीर आहेत त्यांचं काय? झोपेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. त्याच चिठ्ठीविना विकल्या की कुत्ता गोळी होतात. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाईटनर तर कुठल्याही दुकानात. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली, की जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा लहान पोरांत जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. वस्तू कायदेशीर आहे म्हणून पोरगं वाचलं असं झालेलं नाही.

तिसरा प्रश्न : ओढणाऱ्याचा

सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर, आणि नागापूरच्या खोल्यांत खरं दुखणं इथं आहे. बारा तासांची पाळी, दहा बाय दहाच्या खोलीत चौघं, घरापासून लांब. कंत्राटी पोरगं पहिला झुरका मारतं तेव्हा त्याच्या डोक्यात कायदा नसतो, थकवा असतो. पुढं कधीतरी खिशात पुडी सापडते. गुन्हा दाखल होतो. तारखा सुरू होतात, वकील लागतो, त्यासाठी गावाकडं दागिना मोडतो. कंपनीच्या गेटवर चारित्र्य पडताळणी मागतात आणि काम जातं. काम गेलेलं पोरगं पुडी सोडत नाही, बहुतेक वेळा ती विकायला लागतं. पुडी देणारा मोठा मासा मात्र हाताला लागत नाही.

याच सर्वेक्षणानुसार देशात दारू पिणारे १०ते ७५ वयातले १४.६ टक्के, म्हणजे साधारण १६ कोटी, आणि भांग, गांजा, चरस घेणारे २.८ टक्के, म्हणजे ३ कोटींच्या वर. उपचार किती जणांना मिळतात? दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला. इतर नशेच्या आहारी गेलेल्या २० जणांत एकाला. बाकीच्यांसाठी एक तर घरची मारझोड, नाहीतर पोलीस, नाहीतर अंगारा.

पोर्तुगालनं २००१ मध्ये यावर तोडगा काढला. विकणं गुन्हाच ठेवलं, पण स्वतःपुरतं, दहा दिवस पुरेल इतकं बाळगणं फौजदारीतून काढलं. पकडलेला माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढं जातो आणि तिथून गरज असेल तर उपचाराला. सोबत उपचाराची केंद्रं वाढवली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२१ पासून निम्मंच उचललं. शिक्षा काढली, पण उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही. रस्त्यावर उघड नशा वाढल्याची ओरड झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून पुन्हा गुन्हा ठरवावा लागला. दोन्हीतून धडा एकच निघतो. शिक्षा काढायची असेल तर त्या जागी दवाखाना आधी उभा करावा लागतो.

आपल्याकडं हे काम कुणी केलेलंच नाही असं नाही. ऐंशीच्या दशकात गर्दनं मुंबई-पुण्याची पोरं पोखरली, तेव्हा अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, ही भाषा मराठी घरांत त्यांनी आणली. त्याला आता चार दशकं होत आली, तरी गावातल्या आईला पहिलं नाव आठवतं ते पुण्याचं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येतं हे तिला कुणी सांगत नाही.

मग करायचं काय

तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. शेतकऱ्यासाठी नशा नसलेल्या हेम्पचा अभ्यास जरूर व्हावा, पण गांजाच्या भावाची स्वप्नं कुणी दाखवू नयेत. विक्रीवरची बंदी राहावी, आणि कारवाईचा जोर खिशातल्या पुडीवरून पुरवठ्याच्या साखळीवर जावा. ओढणाऱ्याला पहिल्या वेळी कोर्टाऐवजी उपचार मिळावेत.

यातल्या तिसऱ्या गोष्टीसाठी दिल्लीत नवीन कायदा होण्याची वाट बघायची गरज नाही. ६४ अ कलम आहे तेच वापरता येतं. पोलीस ठाण्यात मराठीत एक पाटी लावली, पकडलेल्या पोराच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी ही सवलत सांगितली, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील गाठून दिला, तरी बरीच घरं वाचतील. कंपन्यांनी कंत्राटदाराला सांगून पाळीवरच्या पोरांची महिन्यातून एकदा समुपदेशकाशी गाठ घालून दिली तर खर्च फार येत नाही. गावांनी ग्रामसभेत आणि नागापूरसारख्या शहराला चिकटलेल्या भागात नगरसेवकांनी हा विषय निवडणुकीच्या आधी घ्यावा. पांगरमलला तो निवडणुकीतच, बाटलीतून आला होता.

ज्या घरात आज हा प्रश्न आहे त्यांनी चर्चेच्या निकालाची वाट बघू नये. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६. पोरगं पोलिसांच्या हाती लागायच्या आधी फोन केलेला बरा. आणि पकडलं गेलंच, तर वकिलाला पहिल्या भेटीत ६४ अ बद्दल विचारा.